दिवाणाला जिना नाही

दिवाण झोपाळ्यावरून उडी मारून लुळा झाला, असं आमच्या गल्लीत सगळे मानतात. मामाही तेच मानतात. ते खरं नाही. निदान पूर्ण खरं नाही. त्याच्या तासभर आधी तो माझ्या जिन्यावरून घसरला होता, आणि तो जिना चढायची सवय त्याला मी लावली होती. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. बायकोला सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर बसून मी चार वर्षं रोज संध्याकाळी कॉफी पितोय.

दिवाण म्हणजे कुत्रा. डॅशहुंड, विटकरी रंगाचा, लांबुळका, आणि पाय असे की बनवणाऱ्याकडचं सामान ऐन वेळी संपलं असावं. मामा म्हणजे माझे घरमालक. त्यांचं नाव लिहीत नाही. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला ते कळून काही उपयोग नाही.

मी मूळचा नाशिकचा. भातगिरण्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. तांदळातला काळा दाणा उडवून लावणारं यंत्र बिघडलं की गिरणीवाले मला बोलावतात. दोन वर्षांसाठी आलो होतो, आता अकरावं चालू आहे. बायको आणि मुलगी शाळेमुळे तिकडेच राहिल्या. खोली शोधत गल्लीत उभा राहून मी फोनवर बोलत होतो, तेव्हा एका दारातून आवाज आला, "देशावरचे काय?"

आत झोपाळ्यावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. धोतरासारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, आणि त्यांच्या शेजारी झोपाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हा कुत्रा, पुढचे पाय जुळवून, अर्ज ऐकून घ्यायला बसल्यासारखा. मी मराठीत बोललो आणि ते मराठीत बोलले, आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे जरा चमकून बघत राहिलो. त्यांची मराठी म्हणजे मी फक्त जुन्या पत्रांत वाचलेली. 'नको' म्हणायचं तिथे 'नलगे'. 'गप्प बसा' म्हणायचं तिथे 'उगीं बसा'. 'गोष्ट' म्हणायचं तिथे 'मात'. आणि हे सगळं तमिळच्या चालीवर, वाक्याच्या शेवटी वर जाणारं. माझं मराठी त्यांना कसं वाटलं ते त्यांनी लगेच सांगितलं. "तुमची भाषा बरी आहे. थोडी हिंदी वाटते, परंतु बरी आहे."

वरची खोली दाखवली. मग म्हणाले, "एकच मात ध्यानीं ठेवा. दिवाणाला जिना नाही."

"का हो?"

"पाठ पाहा त्याची. दोन खांबांत एवढं अंतर ठेवून कोणी पूल बांधतो काय?"

मी हसलो आणि हो म्हणालो. ते हसले नाहीत.

मामांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. धरणातून सुटलेलं पाणी कोणत्या पाटाला किती दिवस द्यायचं, कुठला दरवाजा किती आटे उघडायचा, पट्टीवर पाणी किती चढलं, हे त्यांनी पस्तीसेक वर्षं पाहिलं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ते रोज संध्याकाळी काठी घेऊन पुदु आरू नावाच्या कालव्याच्या पुलावर जातात, खाली वाकून पट्टी वाचतात आणि येताना जो भेटेल त्याला सांगतात, "आज पावणेचार फूट." समोरचा भाजीवाला असो की परदेशी पाहुणा. कोणी विचारलेलं नसतं. उन्हाळ्यात कालवा कोरडा असला तरी जातात. "आज शून्य," असं तितक्याच गांभीर्याने सांगतात.

पाण्याची शिस्त त्यांनी घरातही लावली होती. अंगणातल्या कुंड्यांना पाळी होती. तुळस सोमवार-गुरुवार, कढीपत्ता मंगळवारी, मोगरा बुधवारी. मोगरा सुकून वाकला तरी बुधवारच. "एकाला पाळी सोडून दिलं की वरचा शेतकरी रोज मागतो," म्हणत.

पण त्यांची खरी तऱ्हा पंक्तीत दिसायची. मामा वाढायचे ते शेवटच्या पानापासून. श्राद्ध असो, गौरीचं जेवण असो. पहिल्या पानावर भटजी बसलेले, त्यांच्यासमोर रिकामी केळीची पानं, आणि मामा सांबाराचं भांडं घेऊन सरळ टोकाला, जिथे पोरंटोरं आणि उशिरा आलेले बसतात तिथे. भटजी एकदा चिडले. मामा म्हणाले, "स्वामी, तुम्ही धरणाजवळचे. तुम्हांस मिळणारच. पाणी कधी पोचत नाही ते कडैमडैला." कडैमडै म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटची शेतं, जिथवर पाणी जाईजाईस्तो वरचे लोक ते संपवून टाकतात. नोकरीत असताना त्या शेतकऱ्यांच्या शिव्या त्यांनी फार खाल्ल्या होत्या. त्याचा काहीतरी हिशेब ते सांबाराच्या पळीने चुकता करत असावेत. संध्याकाळच्या कॉफीलाही मी सगळ्यांत उशिरा पोचायचो, म्हणून पहिला पेला मला.

झोपाळ्याबद्दल सांगायला हवं. सागवानी फळी, पितळी साखळ्या, छताला दोन लोखंडी कड्या. मामांच्या लग्नात मामी आणि मामा त्याच झोपाळ्यावर बसले होते. तिथल्या लग्नात तो विधीच असतो. पुढे आयुष्यभर ते दोघं संध्याकाळी त्यावर बसले. ते डावीकडे, मामी उजवीकडे. मी यायच्या आधीच मामी गेल्या होत्या. मामा डावीकडेच बसत राहिले आणि उजवीकडे दिवाण बसू लागला. कालव्यावरून परत आले की मामा त्याला दोन हातांनी उचलायचे, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ ठेवून, जशी आपण भरलेली परात उचलतो तशी. झोपाळा थांबला की तसंच खाली ठेवायचे. या पद्धतीत मी एकही दिवस चूक पाहिलेली नाही. तो एक दिवस सोडून.

आता माझं. मी साडेसहाला परत यायचो. त्या वेळी मामा कालव्यावर. वर खोलीत शांतता इतकी की पंख्याचा आवाजही नकोसा व्हायचा. एके दिवशी बिस्किटाचा डबा उघडला, झाकण टक् करून वाजलं, आणि खाली दिवाणाच्या नखांचा आवाज आला. बघतो तर पहिल्या पायरीशी उभा. मी खाली जाऊन बिस्कीट देऊ शकलो असतो. दिलं नाही. "ये," म्हणालो. बारा उंच, अरुंद पायऱ्या तो पोट घासत चढून आला, आणि मला इतका आनंद झाला की त्याची आज लाज वाटते. सुरुवातीला मी त्याला उचलून खाली सोडायचो. मग आळस आला. तो आपला आपण उतरू लागला. मामा यायच्या आत खाली जायचं, हे त्याला माझ्याइतकंच कळलं होतं. वर्षभर आमचं हे चाललं.

तो मे महिन्याचा दिवस होता. मी मुलीशी फोनवर बोलत होतो. दिवाण माझ्या पायाशी. खाली फाटकाची कडी वाजली, मामा लवकर आले होते. दिवाण धावत सुटला. शेवटच्या चार पायऱ्या त्याने पायांनी घेतल्या नाहीत. एक बारीक केकाटणं ऐकू आलं. मी वरून पाहिलं. तो उठला, अंग झाडलं, हॉलकडे चालत गेला. जरा पाठ वाकवून गेला, ते मी पाहिलं. "बाबा, काय झालं?" मुलीने विचारलं. "काही नाही," म्हणालो, आणि दार लोटून घेतलं.

तासाभराने खालून जी किंकाळी आली ती कुत्र्याची वाटलीच नाही. मी धावत उतरलो. दिवाण झोपाळ्याखाली, पुढच्या पायांवर उभा, मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे फरशीवर. तो पुढे ओढत होता आणि मागचं अर्धं अंग येत नव्हतं. मामा झोपाळ्याची साखळी धरून उभे होते.

"मी फोन घ्यायला उठलों," ते म्हणाले. "उतरवलं नाही त्याला. त्यानं उडी घेतली. देशावरचे, मी उतरवलं नाही त्याला."

मी काय बोललो ते आठवत नाही. जिन्याबद्दल बोललो नाही, एवढं आठवतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तमिळ बोलायच्या आणि मामांना मामाच म्हणायच्या. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली, मागचा पंजा उलटा करून ठेवला. दिवाणाला तो सरळ करता आला नाही. मग त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. दिवाणाने मान वळवून त्यांच्यावर दात काढले. बाई हसल्या.

मामांना राग आला. "चिमटा काढतां आणि हसतां?"

"मामा, त्याला दुखलं म्हणून हसले. दुखलं नसतं तर हसले नसते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मणक्यांच्या मधे गादी असते. या जातीत ती लवकर सुकते, एक दिवस फुटते आणि मज्जारज्जूवर दाब देते. ऑपरेशन होतं, पण चेन्नईला जावं लागेल. आणि दिवाणाच्या हृदयाचा ठोका त्यांना बरोबर वाटत नव्हता, वय नऊ, भूल देणं धोक्याचं. खोलवरची वेदना अजून कळतेय तोवर दुसराही रस्ता आहे. औषधं, आणि विश्रांती. "विश्रांती म्हणजे थोडं कमी फिरणं नाही. त्याला वळता येईल, झोपता येईल, पण चालता येणार नाही एवढीच जागा. सहा आठवडे. औषधाने दुखणं थांबलं की त्याला वाटेल आपण बरे झालो. खरा धोका तेव्हाच. आणि चिमटा कळेनासा झाला तर त्याच तासाला मला फोन."

"चालेल काय तो?" मामांनी विचारलं.

"पुष्कळ चालतात. सगळे नाही. मी वचन देत नाही." मग सवयीने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरात जिना आहे? चढतो का?"

"जिना आहे. चढत नाही. एकदाही नाही," मामा म्हणाले. "या देशावरच्यांस विचारा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

घरी आल्यावर मामा स्टूलवर चढले आणि झोपाळ्याच्या साखळ्या सोडवायला लागले. मी म्हटलं, "मामा, पिंजरा विकत मिळतो."

"नलगे. ज्यानं मोडलं त्यानंच सांभाळायचं. तुम्ही ते टोक धरा."

मी टोक धरलं. सागवान जड असतं. आम्ही दोघांनी ती फळी हॉलच्या कोपऱ्यात, खांब आणि भिंत यांच्यामध्ये, कडेवर उभी केली. दीड फूट उंचीची आडभिंत झाली. आत मामींच्या जुन्या नऊवारीच्या घड्या, खाली गादी. साखळ्या गोणपाटात बांधून त्यांनी पलंगाखाली सारल्या. छताला दोन कड्या तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने एक पट्टी उभी राहिली, पुलावर असते तशीच, खुणा करून. वरून खाली: मान, पुढचे पाय, पाठ, मागचे पाय, आणि सगळ्यांत खाली शेपूट. शेपटीसमोर लिहिलं होतं कडैमडै. मामा मराठी लिहायचे, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्या शाळेत देवनागरी कोणी शिकवलीच नव्हती. मी तोवर बसच्या पाट्यांपुरती तमिळ अक्षरं ओळखायला लागलो होतो, तेव्हा एकेक अक्षर जुळवत वाचायचो आणि आतून मराठी निघायची. "मागचे पाय: पाणी नाही. कडैमडै: पाणी नाही." रोज सकाळी तपासणी शेपटीच्या टोकापासून सुरू. टोक दोन बोटांत धरायचं, थांबायचं, मग वर सरकायचं. बोट दाबून वेदना पाहायची, दिवाण गुरगुरला की मामा म्हणत, "सरि, धरण शाबूत आहे," आणि मगच स्वतःची कॉफी.

मला हे सगळं बघण्याची विलक्षण उत्सुकता लागली. अपराधी माणसाने असं म्हणू नये, पण खरं ते खरं. मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. यंत्र उघडतो, बिघाड दिसतो, सुटा भाग बदलतो. इथे काहीच उघडायचं नव्हतं, काहीच बदलायचं नव्हतं. फक्त हलू द्यायचं नाही आणि वाट बघायची. मी विचारलं, "मामा, आत नेमकं काय चाललं असेल?"

"बांध फुटून गाळ पाटात आला आहे. पाट तुटला नाही. गाळ बसेल, आटेल. मग पाणी आपलं आपण वाट काढतं. तुम्ही फावडं घेऊन आत उतरलां तर पाटही जातो." मग थोडं थांबून, "धरणातून सोडलेलं पाणी त्याच दिवशी कडैमडैला पोचलं असं मी कधी पाहिलं नाही."

समोरच्या घरातल्या पाट्टींना, म्हणजे आजीबाईंना, हे पटत नव्हतं. त्या रोज दारात उभ्या राहून मामांना सुनवायच्या. "अय्यो, मुक्या जिवाला तुरुंगात टाकलं! गरम तिळाचं तेल चोळा, दोन दिवसांत पळेल. नाहीतर हाडवैद्याकडे न्या, तो कट्टु बांधेल."

"हाड मोडलं नाही, पाट्टी. चोळायचं काही नाही."

"तुमचं डोकं चोळायला पाहिजे!" असं म्हणून त्या दिवाणासाठी वाटीभर दहीभात ठेवून जायच्या. वजन वाढू द्यायचं नव्हतं, म्हणून दिवाणाचा भात बंद होता. तो दहीभात मामा स्वतः खायचे आणि वाटी चाटून-पुसून परत करायचे, म्हणजे पाट्टींना वाटावं कुत्र्याने खाल्ला.

एक गोष्ट मामांना जमली नाही. दिवाणाला लघवी आपली आपण होत नव्हती. बाईंनी पोट दोन्ही बाजूंनी हळू दाबून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं होतं, दिवसातून चार वेळा. ज्या माणसाने जन्मभर कालव्याचे दरवाजे उघडले त्याने इथे पोटाला हात लावला आणि काढून घेतला. "मजकडून होत नाही," म्हणाले, "दुखवीन मी त्याला. आधीच एकदा..." मी बसलो. मोसंबीएवढा घट्ट गोळा तळहातांत सापडला, दाबला, धार सुटली. सकाळी कामावर जाण्यापूर्वी, दुपारी गिरणीतून मोपेडवर येऊन, संध्याकाळी, झोपण्याआधी. पार ओरत्तनाडूच्या गिरणीपर्यंत गेलो असलो तरी दुपारी परत. गिरणीवाले विचारायचे, घरी कोण आजारी आहे? मी म्हणायचो, दिवाण. ते आदराने गप्प बसायचे.

मामा माझ्यामागे पंचा घेऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "तुम्ही कोण, कुठले. माझ्या चुकीसाठी तुम्ही राबतां. मामी असती तर तुमची दृष्ट काढली असती."

त्या क्षणी सांगता आलं असतं. माझे दोन्ही हात दिवाणाच्या पोटावर होते. सांगितलं नाही. मी असं स्वतःला समजावलं की आत्ता हे ऐकून म्हातारा खचेल, कुत्रा बरा होऊ दे. मग कळलं की कुत्रा बरा व्हायची वाट मी म्हाताऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी बघत होतो.

तिसऱ्या आठवड्यात तो एकदा आपला आपण ओला झाला. मामांनी गल्लीत साखर वाटली. पाट्टींनी कारण विचारलं आणि ऐकल्यावर साखर तोंडात घालावी की थुंकावी असा त्यांना प्रश्न पडला. शेपटी हलली ती चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी. कसलाही प्रसंग नव्हता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि टोक उचललं, एकदाच. मामांनी लगेच लिहिलं नाही. दुसरी शिट्टी होऊ दिली. टोक पुन्हा उचललं. मग खडू घेतला आणि कडैमडैसमोर लिहिलं, "ओल आहे." खडू हातात धरूनच ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्या घरात आता बसायला तीच होती.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी तो उभा राहिला. झुलत, मागचे पाय कात्रीसारखे टाकत. बाईंनी अंगपट्टा घालून, दोरी धरून, दिवसातून दोनदा पाच मिनिटं फिरवायला परवानगी दिली.

शनिवार होता. मी संध्याकाळी वर आलो, कॉफीबरोबर खायला म्हणून डबा घेतला. कित्येक आठवडे उघडला नव्हता. झाकण उघडलं आणि ते टक् करून वाजलं.

खाली दोरी सुटल्याचा आवाज, मग मामांचा, "ए, ए, निल्लुडा! थांब!" मी धावलो. दिवाण जिन्याच्या तळाशी होता. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर, मागचे खचत चाललेले, आणि तोंड वर, माझ्याकडे. शेपूट हलत होतं. तो दुसऱ्या पायरीसाठी जोर लावत होता आणि मागचं अंग एका बाजूला कलंडत होतं. मामांनी खाली बसून त्याला परातीसारखं उचललं.

"याला हा जिना ठाऊक आहे," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"बिस्किटाचा वास आला असेल," मी म्हणालो.

त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, डोळे बारीक करून, ओठ किंचित हलवत, पुलावरून पट्टी वाचतात तसं.

"असेल," म्हणाले.

दिवाण पुन्हा दोन दिवस उभा राहिला नाही. पाठ दुखायला लागली, औषध पुन्हा सुरू झालं. बाईंनी दोन आठवडे वाढवले आणि मामांना ओरडल्या, "दोरी कशी सुटते तुमच्या हातून?" मामा उगी बसले. माझ्या एका 'नाही'ने त्या मुक्या जिवाचे दोन आठवडे गेले. जिना चढतो असं त्या दिवशी सांगितलं असतं, तर तिथे पहिल्याच दिवशी अडसर लागला असता.

अडसर लागला तो दुसऱ्या सकाळी. मी कामावर निघालो तर जिन्याच्या तळाशी झोपाळ्याची फळी आडवी उभी होती. दिवाणाच्या कोपऱ्याला मामांनी दोन तांदळाच्या गोण्या लावल्या होत्या. मी पाय उचलून फळी ओलांडली आणि गेलो.

त्यांना कळलं होतं का, मला आजही सांगता येत नाही. कळलं असेल तर ते बोलले नाहीत, आणि कळलं असेल तर मग घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते असं का सांगतात, ते समजत नाही: "माझ्या झोपाळ्यानं केलं हे. माझं लक्ष नव्हतं." परवासुद्धा गॅसवाल्याला सांगत होते.

जुलैमध्ये कालव्याला पाणी आलं होतं. बाईंनी सांगितलं, आता उथळ पाण्यात चालवा, अंगाचा भार कमी होतो. आम्ही त्याला गावाबाहेर एका शेतपाटात न्यायचो. घोट्याच्या वर पाणी, मामा वेष्टी गुडघ्यावर खोचलेली, दिवाणाच्या पोटाखालून पंचा घालून त्याची दोन टोकं वर धरलेली. पुढे मी, बिस्कीट दाखवत. एका मोपेडवाल्याने थांबून विचारलं, "मामा, कुत्र्याला पोहायला शिकवतां काय?"

"नाही पा. पाण्याला चालायला शिकवतों."

दिवाण चालला. आज तेरा वर्षांचा आहे, कान गेलेत, चालताना मागचं अंग डावीकडे जातं. कोणी हसलं तर मामा विचारतात, "कावेरी सरळ वाहते काय?"

वर्षभराने मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं होतं. दुसऱ्याच कोणाच्या कुत्र्याचं म्हणून. समजा आधी जिन्यावरून घसरला आणि नंतर उंचावरून उडी मारली, तर दोष कशाचा? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. गादी महिनोन् महिने सुकत आलेली असते. जिना असेल, उडी असेल, एखादी शिंकही पुरते. मला हायसं वाटलं. ते तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलं, "मालकाला माहीत आहे ना, जिन्याचं?"

मी घड्याळ पाहिलं आणि निघालो.

काही दिवसांपूर्वी मी खाली हॉलमध्ये बसून हेच लिहीत होतो. मामा खुर्ची ओढून जवळ आले. कागदावर बोट फिरवलं. "देवनागरी बरी दिसते," म्हणाले. "तोरण बांधल्यासारखी. आम्हांस बोलतां येते, वाचतां येत नाही. काय लिहितां?"

"जुन्या आठवणी."

"आमच्या घरच्या काय?"

"हो."

"वाचून दाखवाल?"

"दाखवीन," मी म्हणालो.

मी हे देवनागरीत लिहिलं ते त्यांना वाचता येत नाही म्हणूनच, हे मला त्या वेळी कळलं. तुम्ही वाचलंत. तुमच्याकडून मला काही नको होतं. ज्यांना हे पोचायला हवं ते अजून कोरडेच आहेत.

मामा त्र्याऐंशीचे आहेत. छतातल्या कड्या गंजल्या नाहीत. मी तेल घालतो. फळी अजून जिन्याच्या तळाशी उभी आहे, रोज दोनदा ओलांडतो.

हे सगळं पहिल्या ओळीपासून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. आणि मग, त्यांची इच्छा असेल तर, झोपाळा पुन्हा टांगायला त्या फळीचं एक टोक धरायचं आहे. एवढं माझं देणं राहिलं आहे.